बॅच लावली, पण फोटो सेव्हच झाले नाहीत (किंवा भलतीकडेच झाले): कारणं आणि उपाय

फोटोशॉपमध्ये ॲक्शन (एकामागून एक करायच्या कामांची नोंदवून ठेवलेली मालिका) रेकॉर्ड केली, एका फोटोवर चालवून पाहिली, व्यवस्थित चालली. मग फाइल > ऑटोमेट > बॅचमध्ये जाऊन तीच ॲक्शन चारशे फोटोंच्या फोल्डरवर सोडली, आणि घोळ झाला. कधी प्रत्येक फोटोला जेपेगची क्वालिटी विचारणारा डायलॉग येतो आणि चारशे वेळा ओके दाबत बसावं लागतं. कधी सगळं सुरळीत पार पडतं, पण डेस्टिनेशन फोल्डर उघडावा तर रिकामा. कधी चारशे टाकले आणि दोनशेच मिळाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूळ मोठे फोटोच वेबसाइजचे होऊन बसतात. कुठलीतरी टिक लावून किंवा काढून त्या दिवशीचं काम भागतं. पुढच्या वेळी नवी ॲक्शन केली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

हे परत परत होतं, कारण यातली बहुतेक दुखणी एकाच मुळाची आहेत. फाइल कुठे, कोणत्या नावाने आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करायची हे फोटोशॉपमध्ये तीन जागी ठरतं: ॲक्शनमध्ये रेकॉर्ड झालेली सेव्हची स्टेप, बॅच डायलॉगमधलं डेस्टिनेशन, आणि प्रेफरन्सेसमधलं फाइल हँडलिंग. तिघांचं एकमत असेल तर प्रश्न नाही. नसेल तर कोणाची चालणार हे अंदाजाने कळत नाही. म्हणून बॅच लावण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: सेव्ह कोण करणार, ॲक्शन की बॅच?

त्याआधी दोन कामं. ज्या फोल्डरवर बॅच चालवायची त्याची कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. बॅचमध्ये कंट्रोल-झेड नावाची सोय नसते. फाइल सेव्ह होऊन बंद झाली की हिस्टरी गेली. दुसरं म्हणजे चाचणीसाठी वेगळा छोटा फोल्डर करा आणि त्यात मुद्दाम वेगवेगळ्या जातीच्या फाइल टाका: एक आडवा फोटो, एक उभा, एक रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली फाइल), एक लेयर (एकावर एक रचलेले थर) असलेली पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल), एक पारदर्शक पीएनजी. एकसारख्या पाच जेपेगवर चाचणी घेतली तर ती पास होणारच, आणि अडचण नेमकी दोनशेसाठाव्या फाइलला येणार.

"ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स" ही टिक नक्की काय करते

निम्म्याहून जास्त गोंधळ या एका ओळीचा आहे. नाव वाचून वाटतं, ही टिक लावली की ॲक्शनमधली सेव्हची स्टेप बाद झाली आणि पुढचं सगळं बॅच बघून घेईल. तसं होत नाही. टिक लावल्यावर बॅच ॲक्शनमधल्या सेव्ह ॲज स्टेपमधून फॉरमॅट आणि क्वालिटी उचलते. फोल्डर आणि नाव मात्र स्वतःच्या डायलॉगमधलं वापरते. म्हणजे ती स्टेप ॲक्शनमध्ये असावीच लागते. स्टेपच नसेल आणि टिक लावलेली असेल, तर बॅच फोटो उघडते, बदल करते आणि काहीही सेव्ह न करता पुढे जाते. रिकाम्या डेस्टिनेशन फोल्डरचं रहस्य बहुतेक वेळा एवढंच असतं.

आता उलट बाजू. ॲक्शनमध्ये सेव्ह ॲज आहे, पण टिक लावलेली नाही. मग दोघेही सेव्ह करतात. ॲक्शन आपली कॉपी रेकॉर्डिंगच्या वेळच्या फोल्डरमध्ये टाकते, आणि बॅच आपली कॉपी डेस्टिनेशनमध्ये टाकते. त्यातही रेकॉर्ड करताना तुम्ही फाइलचं नाव स्वतः टाइप केलं असेल, तर ते नावसुद्धा रेकॉर्ड झालेलं असतं. प्रत्येक फोटो त्याच नावाने सेव्ह होतो, आधीच्यावर चढतो, आणि शेवटी त्या फोल्डरमध्ये एकच फोटो उरतो: यादीतला शेवटचा.

आणि ॲक्शनमध्ये सेव्हची स्टेपही नाही, टिकही नाही, अशा वेळी बॅचला जेपेगची क्वालिटी कळायला मार्गच नसतो. म्हणून ती प्रत्येक फाइलला तुम्हालाच विचारते. चारशे वेळा ओके दाबायला लावणारा डायलॉग तो हाच.

हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं. ॲक्शन्स पॅनेलमध्ये तुमच्या ॲक्शनमधल्या सेव्ह या स्टेपच्या डावीकडचा छोटा बाण उघडा. खाली बारीक अक्षरांत तपशील दिसतो: "ॲज: जेपेग", त्याखाली क्वालिटीचा आकडा, आणि मग "इन:" ही ओळ. या ओळीत पूर्ण पाथ (फोल्डरचा पत्ता) असतो. पाथ फोल्डरच्या नावाशी संपत असेल तर ठीक. शेवटी एखाद्या फाइलचं नाव चिकटलेलं दिसलं, तर नाव रेकॉर्ड झालंय. ती स्टेप खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाका आणि पुन्हा रेकॉर्ड करा. या वेळी फक्त फोल्डर आणि फॉरमॅट बदला, नावाच्या रकान्याला हातही लावू नका.

"ओव्हरराइड ॲक्शन ओपन कमांड्स" या टिकचं तर्कशास्त्रही हेच. ॲक्शनमध्ये ओपनची स्टेप असेल तरच ती लावायची. स्टेप नसताना लावली तर बॅच तुमच्या फाइल उघडतच नाही. आणि स्टेप असून टिक लावली नाही, तर रेकॉर्ड करताना उघडलेला तो एकच फोटो पुन्हा पुन्हा उघडत राहतो. सोपा मार्ग म्हणजे फोटो आधी उघडा, मग रेकॉर्डिंग सुरू करा. ओपन स्टेपची गरजच उरत नाही.

सेव्ह फॉर वेब वापरत असाल तर इथे थांबा

मूळ फोटो खराब होतात ते बहुतेक याच वाटेने. ओव्हरराइडची टिक फक्त सेव्ह ॲजला लागू होते. ॲक्शनमध्ये एक्स्पोर्ट > सेव्ह फॉर वेब असेल तर बॅचला त्याच्याशी देणंघेणं नाही. ती फाइल रेकॉर्ड केलेल्या फोल्डरमध्येच जाणार. इथवर ठीक आहे. पण मग डेस्टिनेशनमध्ये काय निवडायचं असा प्रश्न पडतो, आणि "सेव्ह अँड क्लोज" हे नाव निरुपद्रवी वाटतं. सेव्ह करा, बंद करा, यात वावगं काय?

क्रम नीट पाहा. ॲक्शनने फोटो १२०० पिक्सेलचा केला. सेव्ह फॉर वेबने त्याची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली. मूळ डॉक्युमेंट अजून उघडंच आहे, आणि तेही आता १२०० पिक्सेलचं आहे. त्यावर बॅच सेव्ह अँड क्लोज करते. कुठे? मूळ जागी, मूळ नावाने. सहा हजार पिक्सेलचा फोटो गेला. कोणताही इशारा येत नाही, कारण फोटोशॉपच्या दृष्टीने तुम्ही सांगितलंय तेच त्याने केलंय.

म्हणून ॲक्शनमध्ये सेव्ह फॉर वेब असेल तर डेस्टिनेशन "नन" ठेवा आणि ॲक्शनची शेवटची स्टेप म्हणून क्लोज रेकॉर्ड करा. बंद करताना बदल सेव्ह करायचे का असं विचारलं की नाही म्हणा. पॅनेलमध्ये त्या क्लोजखाली "सेव्हिंग: नो" असं दिसायला हवं. क्लोज विसरलात तर नुकसान होत नाही, पण सगळे फोटो उघडेच राहतात, मेमरी भरते, आणि थोड्या वेळाने स्क्रॅच डिस्क (मेमरी अपुरी पडली की फोटोशॉप वापरतं ती डिस्कवरची जागा) फुल झाल्याचा संदेश येतो. त्यावर लोक डिस्क साफ करत बसतात. डिस्कचा काही दोष नसतो.

माझं स्पष्ट मत: नव्या ॲक्शनमध्ये सेव्ह फॉर वेब घालूच नका. फोटोशॉप स्वतःच त्याच्या नावापुढे "लेगसी" लिहितं. बॅचसाठी सेव्ह ॲज किंवा सेव्ह अ कॉपी जास्त भरवशाचं आहे.

"माझ्या सेव्ह ॲजमध्ये जेपेग दिसतच नाही"

२०२१ मध्ये आलेल्या २२.४ आवृत्तीपासून सेव्ह ॲजचं वागणं बदललं. आता डॉक्युमेंटमध्ये जे आहे ते सगळं ज्या फॉरमॅटमध्ये मावतं, तेवढेच फॉरमॅट तिथे दिसतात. जेपेगमध्ये लेयर मावत नाहीत, पारदर्शकता मावत नाही, १६ बिट (रंगांची ८ बिटपेक्षा बारीक नोंद) मावत नाहीत. म्हणून अशा फाइलला सेव्ह ॲजमध्ये जेपेग मिळत नाही. ते "सेव्ह अ कॉपी"मध्ये मिळतं. सपाट (लेयर नसलेल्या) ८ बिट फोटोला मात्र दोन्हीकडे मिळतं. त्यामुळे ॲक्शन एका फाइलवर रेकॉर्ड होते आणि दुसऱ्या जातीच्या फाइलवर अडते.

सेव्ह अ कॉपीचे दोन गुण लक्षात ठेवा. एक, ते नावाला "कॉपी" असं शेपूट जोडतं. नको असेल तर प्रेफरन्सेस > फाइल हँडलिंगमध्ये ते न जोडण्याची टिक आहे, आणि तिथेच जुनं सेव्ह ॲज परत आणणारा "एनेबल लेगसी सेव्ह ॲज" हा पर्यायही आहे. दोन, कॉपी सेव्ह झाली तरी मूळ डॉक्युमेंट बदललेल्या अवस्थेत उघडंच राहतं. म्हणजे सेव्ह फॉर वेबच्या वेळचा सेव्ह अँड क्लोजचा धोका इथेही तसाच उभा आहे.

प्रेफरन्सेस बदलण्यापेक्षा ॲक्शनमध्येच डॉक्युमेंट सपाट आणि ८ बिट करून घेतलेलं मला बरं वाटतं. प्रेफरन्सेस दुसऱ्या मशिनवर सोबत येत नाहीत, ॲक्शन येते. फक्त एक खोच आहे: आधीच सपाट असलेल्या फोटोवर फ्लॅटन इमेज ही कमांड उपलब्धच नसते, आणि बॅच तिथे एरर देऊन थांबते. मिश्र फोल्डर असेल तर फ्लॅटनच्या आधी एक नवा रिकामा लेयर तयार करण्याची स्टेप टाका. मग सपाट करायला प्रत्येक फाइलमध्ये काहीतरी असतंच.

मध्येच उगवणारे डायलॉग

ॲक्शन्स पॅनेलमध्ये स्टेपच्या डावीकडे दोन खुणा असतात: एक टिकची आणि तिच्या शेजारी एक छोटी डायलॉगची. ही दुसरी खूण चालू असली की ती स्टेप दर वेळी डायलॉग उघडून तुमची वाट पाहते. चुकून क्लिक होण्याइतकी ती टिकच्या जवळ आहे. ॲक्शनच्या नावासमोर ती लाल दिसली तर आतल्या काही स्टेप्सना ती चालू आहे असं समजा.

रॉ फाइल असतील तर प्रत्येकीला कॅमेरा रॉची विंडो उघडते. बॅच डायलॉगमधली "सप्रेस फाइल ओपन ऑप्शन्स डायलॉग्ज" ही टिक त्यासाठीच आहे. त्याच्याच खालची टिक कलर प्रोफाइलच्या इशाऱ्यांसाठी. बॅचमध्ये या दोन्ही लावून ठेवायला हरकत नाही.

चारशेतले दोनशे गेले कुठे

बहुतेक वेळा कुठेच गेलेले नसतात. एकावर एक चढलेले असतात. कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवण्याची सेटिंग असेल तर एकाच फोटोच्या दोन फाइल एकाच नावाच्या, फक्त एक्स्टेन्शन वेगळं. दोन्ही एकाच फोल्डरमधून बॅचला दिल्या आणि दोघींचं जेपेग केलं, की नाव एक आणि एक्स्टेन्शनही एक. दुसरी पहिलीच्या डोक्यावर. बरोब्बर निम्मे फोटो मिळाले असतील तर हेच कारण धरून चाला. उपायही सरळ आहे: फाइल एक्स्टेन्शननुसार लावून रॉ आणि जेपेग वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि एकाच जातीवर बॅच चालवा.

दुसरं कारण "इन्क्लूड ऑल सबफोल्डर्स". आतल्या सगळ्या फोल्डरमधले फोटो बॅच उचलते, पण टाकते एकाच डेस्टिनेशनमध्ये. कॅमेऱ्याचा फाइल क्रमांक चार आकडी असतो. ९९९९ नंतर तो पुन्हा ०००१ वर येतो. दोन कॅमेरे असतील किंवा जुनी-नवी कार्डं एकत्र केली असतील, तर वेगवेगळ्या सबफोल्डरमध्ये एकाच नावाचे फोटो असणं अगदी स्वाभाविक आहे.

बॅच डायलॉगमधल्या फाइल नेमिंगच्या रकान्यांत डॉक्युमेंट नेम, मग चार आकडी सीरियल नंबर, मग एक्स्टेन्शन असा क्रम लावला की नावं कधीच भिडत नाहीत. चार आकडीच घ्या. एक आकडी क्रमांकाला पुढे शून्य नसतं, आणि नावाप्रमाणे फोटो लावणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये १ नंतर २ यायच्या ऐवजी १० येतो. शेवटचा एक्स्टेन्शनचा रकाना रिकामा राहू देऊ नका, नाहीतर फाइल निघतील पण डबल-क्लिक केल्यावर कशातच उघडणार नाहीत.

अर्ध्यावर थांबणारी बॅच

एररचा संदेश बहुधा अमुक लेयर किंवा अमुक कमांड सध्या उपलब्ध नाही, असा असतो. रेकॉर्ड करताना तुम्ही लेयरवर क्लिक करून तो निवडला, तर फोटोशॉप त्या लेयरचं नाव लिहून ठेवतं. पुढच्या फाइलमध्ये त्या नावाचा लेयर नसला की काम ठप्प. क्लिक करण्याऐवजी लेयर निवडण्याचे कीबोर्ड शॉर्टकट वापरा. विंडोजवर आल्ट आणि चौकटी कंस दाबून वरखाली जाता येतं. ते नावाने नाही, जागेने निवडतात.

वॉटरमार्क भलत्या कोपऱ्यात जाणं, क्रॉप अर्धवट होणं, हा प्रकार वेगळा. रुलरचं एकक पिक्सेल असेल तर जागा पिक्सेलमध्ये रेकॉर्ड होते. रेकॉर्डिंगच्या आधी रुलरवर राइट-क्लिक करून पर्सेंट निवडा. उभे-आडवे फोटो एकत्र असतील तर रिसाइझसाठी इमेज साइझ वापरू नका. फाइल > ऑटोमेट > फिट इमेज वापरा. रुंदी आणि उंची दोन्हींत २००० लिहिलं की फोटो उभा असो वा आडवा, त्याची लांब बाजू २००० होते. लहान फोटो उगाच ताणले जाऊ नयेत म्हणून तिथे "डोंट एन्लार्ज"ही आहे.

मोठी बॅच रात्री लावून जाणार असाल तर एरर्समध्ये "स्टॉप फॉर एरर्स" न ठेवता "लॉग एरर्स टू फाइल" निवडा. नाहीतर सकाळी येऊन पाहाल तर तिसऱ्याच फोटोवर एक संदेश ओकेची वाट पाहत उभा असेल. लॉगमध्ये सेव्ह न झाल्याच्याच ओळी दिसल्या तर फोल्डरच्या आत फोल्डर किती आहेत ते बघा; विंडोजमध्ये पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि लांबलचक नावांचे चार-पाच थर झाले की ती सहज ओलांडली जाते. क्लाउडशी सिंक होणारा फोल्डर असेल तर तिथली फाइल प्रत्यक्ष डिस्कवर उतरलेली आहे की नुसतं नाव दिसतंय, हेही पाहा. बॅचचं काम साध्या लोकल फोल्डरमध्ये करावं आणि झाल्यावर हलवावं.

एवढं सगळं लागतं का?

नुसतं रिसाइझ करून जेपेग काढायचे असतील तर नाही. फाइल > स्क्रिप्ट्स > इमेज प्रोसेसर उघडा. फोल्डर द्या, क्वालिटी द्या, साइझ द्या, एसआरजीबीमध्ये (वेबसाठीच्या नेहमीच्या रंगसंचात) कन्व्हर्टची टिक लावा, हवी तर एक ॲक्शनही जोडा. लेयर आणि १६ बिटचं ते आपलं आपण निस्तरतं, जेपेग वेगळ्या सबफोल्डरमध्ये ठेवतं, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर न लिहिता नव्या नावाने सेव्ह करतं. सोबत दिलेल्या ॲक्शनमध्ये सेव्हची स्टेप ठेवू नका. सेव्ह करणारा इथे इमेज प्रोसेसर आहे, दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. बॅच मी फक्त नावं बदलायची असतात किंवा जेपेग, पीएसडी, टिफ सोडून चौथा फॉरमॅट हवा असतो तेव्हा वापरतो.

लाइटरूममध्ये ही कटकट कमी, कारण तिथे एक्स्पोर्ट मूळ फाइलला हात लावत नाही. फक्त "एक्झिस्टिंग फाइल्स"च्या यादीत विचारल्याशिवाय ओव्हरराइट करण्याचा पर्याय चुकून राहिलेला नाही ना, एवढं पाहा. गिंपच्या मेन्यूत बॅचची सोयच नाही, त्यासाठी बिंपसारखं प्लगइन लागतं. इरफानव्ह्यूमध्ये बी दाबलं की बॅचची विंडो येते. आउटपुट फोल्डर आणि ओव्हरराइटची टिक दर वेळी नजरेखालून घाला. इमेजमॅजिक वापरणाऱ्यांनी त्यातल्या मॉग्रिफाय या कमांडपासून सावध राहावं: पाथचा पर्याय देऊन वेगळा फोल्डर सांगितला नाही तर ते थेट मूळ फाइलवरच लिहितं.

बॅच संपली की डेस्टिनेशन फोल्डरमधल्या फाइलची संख्या सोर्सशी ताडून बघा, लॉग फाइल उघडा, आणि यादी साइझप्रमाणे लावून सगळ्यात लहान चार फाइल उघडून पाहा. शून्य किलोबाइटच्या किंवा अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइल त्यातच सापडतात. मूळ फोल्डरची कॉपी त्यानंतरच डिलीट करा.